३१ मे, ४३ डिग्री आणि गुरुजींची कॉफी: एका ऑर्डरचा पूर्ण हिशोब

आमचा बचत गट अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याजवळच्या गावात छोट्या ऑर्डरी घेतो, बारसं, डोहाळजेवण, नामकरण असलं काहीतरी, शंभरच्या वर माणूस असला तर आम्ही सरळ नाही म्हणतो. ही ऑर्डर गुरुजींच्या रिटायरमेंटची होती. जिल्हा परिषदेचे गुरुजी, दाखल्यावर जन्मतारीख १ जून, म्हणजे ३१ मे ला रिटायर, आणि आपल्याकडे अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जूनच लिहिलेली असते त्यामुळे त्या संध्याकाळी तालुक्यात किती अंगणात शाल-श्रीफळ चालू असते ते विचारूच नका. साठ माणूस, सहा वाजता अंगणात, आधी भाषणं आणि मग कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण.

अडचण रोडग्यांचीच होती. गोवऱ्या पेटवा, निखारे होऊ द्या, रोडगे भाजा, राख झटका, तुपात बुडवा, याला घाई चालत नाही. म्हणजे साडेसहा ते साडेआठ लोकं नुसते बसणार, आणि भाषणं ऐकून पोट भरत नाही. मधल्या वेळाला काहीतरी पाहिजे. गुरुजींची पोरगी बंगलोरले असते, तिनं फोटो पाठवले, पार्टीत ट्रेमध्ये एकेक घासाचे थंड स्टार्टर देतात तसे. "ताई, असं जमेल का आपल्या इथं?" आणि मागून तिच्या आईचा, म्हणजे काकूंचा आवाज, "पावन्याले थंडं कोनी वाढते का व बाई, भजे कर न सरळ."

भजे मीच नको म्हटलं. बाहेर ४३, बाजूला गोवऱ्यांचा जाळ, त्यात साठ माणसांचे भजे तळायले कढईजवळ कोण उभं राहणार? शिवाय तळलेलं खाल्लं की लोकं रोडगा अर्धा टाकतात. थंडच करायचं ठरलं. पण थंड म्हणजे खरंच थंड, "फ्रिजमधून काढलं होतं" असं थंड नाही, हे मी तिथंच सांगून टाकलं.

तिची दुसरी मागणी, गुरुजींना गिफ्ट म्हणून कॉफी दळायचं ग्राइंडर घ्यायचं आहे, कोणतं घेऊ? आता खेड्यातल्या मास्तरले कॉफीचं ग्राइंडर काहून, तर गुरुजींची बरीच नोकरी चिखलदरा तालुक्यात झाली. महाराष्ट्रात कॉफी पिकते म्हटलं की चिखलदऱ्याचंच नाव निघते, इंग्रजांच्या वेळची लागवड, साधारण ११०० मीटर उंची, आणि गुरुजींना तिथंच सवय लागली. अजूनही कोणी घाट उतरून येत असलं की भाजलेल्या बिया मागवतात आणि काकूंच्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवतात. काकूंची तक्रार चटणीले कॉफीचा वास येते, गुरुजींची तक्रार कॉफीले जिऱ्याचा. शिवाय पोरीला पार्टीत पन्ह्यासोबत कोल्ड कॉफीही ठेवायची होती. म्हणजे दोन कामं एकमेकांत अडकली, आणि खरी गंमत तिथंच झाली, ती खाली सांगते.

थंड म्हणजे किती थंड

अन्न ५ डिग्रीच्या खाली किंवा ६० च्या वर ठेवा, मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात, हे अन्नसुरक्षेवाले सांगतात ते बहुतेकांनी ऐकलं असते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक नियम मला लय कामाचा वाटतो: नासणारं अन्न बाहेर २ तास चालेल, पण हवा ३२ डिग्रीच्या वर असली तर १ च तास. आपल्याकडे मे महिन्यात ३२ कधी असते, पहाटे पाचला असली तर असली. म्हणजे आपल्याला हा एक तासवालाच नियम लागू आहे, दोन तासांचा विचारच करायचा नाही.

गुरुजींच्या घरचे म्हणे टेबलाजवळ कूलर लावू, ट्रेखाली ओलं गोणपाट टाकू. आपल्याकडे हे उपाय लय चालतात आणि कोरड्या हवेत खरंच चालतात, माठ म्हणूनच गार होते. पण किती गार, ते पाहा. हवा ४३ आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असली तर पाणी उडून उडून जास्तीत जास्त २२-२३ पर्यंत खाली जाऊ शकते, त्याच्या खाली नाही, कितीही पंखा मारा. माणसाला २३ म्हणजे स्वर्ग, पण चक्क्यातल्या जंतूंनाही २३ म्हणजे चांगलीच हवा! म्हणून मी दोन भाग केले. पाणी, पन्हं, न कापलेली फळं हे माठ-गोणपाटाच्या भरवशावर. दही-दूध, कापलेलं फळ, शिजवलेलं कडधान्य हे फक्त बर्फावर.

बर्फाचा हिशोब सोपा आहे. १ किलो बर्फ वितळताना साधारण ४ किलो पाण्याला २५ वरून ५ वर आणण्याइतकी उष्णता ओढून घेतो. पण हे झाकण बंद डब्यातलं गणित, उघड्या परातीत अर्धा बर्फ तर हवाच खाऊन टाकते. आणि लादीचा बर्फ कोणत्या पाण्याचा असते ते आपल्याला माहीत नसते, खायचा नसलेल्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला तो यासाठीच. तर लादी फक्त भांड्याच्या बाहेरून, आणि पन्ह्यात किंवा कॉफीत टाकायचा बर्फ घरच्या फिल्टरच्या पाण्याचा. डब्यांच्या आत मी एक एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते, त्या वितळल्या तरी अन्न ओलं होत नाही आणि शेवटी तेच पाणी प्यायले होते. गल्लीतल्या चार घरच्या फ्रीजरमध्ये दोन दिवस आधीपासून बाटल्या पेरून ठेवल्या होत्या.

काय ठेवलं, काय उडवलं

फोटोतले ब्रेडचे छोटे सँडविच पहिलेच उडवले. आपल्या मे महिन्यातल्या हवेत कापलेला ब्रेड दहा मिनिटांत कडेनं टोस्टसारखा होते, ओलं फडकं झाकलं तर खालून लिबलिबा. मेयोनीजही नको, एवढ्या उन्हात ते कोणी कसं सांभाळलं याची जबाबदारी मी घेत नाही. दहीवडेही नको कारण त्याला वाटी, चमचा, बसायची जागा सगळंच लागते, आणि हे उभ्यानं, हातात एक घास घेऊन खायचं होतं.

राहिलं ते असं. सुरळीच्या वड्या, वरून खोबरं आणि सांभार (कोथिंबीर), या थंडच चांगल्या लागतात आणि सकाळी करून ठेवता येतात. काकडीच्या जाड चकत्या, त्यावर चक्का आणि हिरव्या मिरचीचा ठेचा टिकलीएवढा. वाफवलेल्या मटकीत कैरी-कांदा, कागदी द्रोणात. आणि टरबुजाच्या काडीला टोचलेल्या फोडी, सोबत काळं मीठ. मागं जेवण आहे तेव्हा माणशी पाच-सहा घास पुष्कळ होतात, जेवण नसतं तर दुप्पट धरले असते.

मटकी वाफवायची हे गटातल्या पोरींना पुन्हापुन्हा सांगावं लागते. कच्चे मोड पौष्टिक म्हणून लोकं खातात, पण मोड यायला जी ओल आणि ऊब लागते तीच जंतूंनाही लागते, त्यात साठ माणसांना वाढायचं म्हणजे जुगार. वाफवली, परातीत पसरून लवकर थंड केली, मग डब्यात. गरम डबा तसाच फ्रिजमध्ये कोंबला तर तो स्वतः लवकर थंड होत नाही आणि शेजारच्या चक्क्याला मात्र तापवते.

काकडीचं तंत्र थोडं वेगळं आहे. मीठ लागलं की ती पाणी सोडते, पाच-दहा मिनिटांत चकती घसरडी आणि वरचा चक्का वाहून जाते. म्हणून मीठ चक्क्यात, काकडीला अजिबात नाही, आणि चकती पुसून कोरडी करून ट्रे भरताना लगेच चक्का लावायचा, आधी लावून ठेवायचा नाही. चक्का रात्रभर फडक्यात टांगून चांगला घट्ट केला तरच उभा राहते. सालं अर्धवट सोलली, हिरवे पट्टे ठेवले, दिसायलाही बरं आणि बोटात पकडायलाही.

टरबुजाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे की फळ आहे, त्याले का होते. न कापलेल्या टरबुजाला काही होत नाही, पण कापलं की त्याला आंबटपणा नसते, पाणी आणि साखर भरपूर, आणि सुरी सालीवरून आत गेली की सालीवरचं सगळं आत. संत्र्याच्या आंबट फोडीत जे होत नाही ते इथं होते. म्हणून अख्खं टरबूज घासून धुवायचं, मग कापायचं, आणि कापलेलं दह्यासारखंच सांभाळायचं. (संत्र्यांच्या गावात बसून टरबूज वाढतो म्हणून एक पाहुणे बोललेच. मृगाचा बहार मार्च-एप्रिलपर्यंत आटोपलेला असते, मे च्या शेवटी संत्री कुठून आणू!)

हात हा अजून एक मुद्दा. थंड पदार्थ शिजत नाही, म्हणजे शेवटचा हात ज्याचा लागला तोच ताटात जाते. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू माणसाच्या नाकात, चामडीवर, जखमेत असते, त्याचं विष एकदा अन्नात तयार झालं की उकळूनही जात नाही. आमच्या एकीच्या बोटाला विळा लागला होता, तिला त्या दिवशी पन्हं आणि हिशोब दिला. ती नाराज झाली, होऊ दे.

वाढायची पद्धत

सगळं टेबल एकदम भरून ठेवायचं नाही, हे काकूंना शेवटपर्यंत पटलं नाही. "लोकं म्हनतील कमी केलं." पण मी छोट्या ट्रे घेतल्या, एका ट्रेत वीस-बावीस घास, तो वीस-पंचवीस मिनिटांत संपलाच पाहिजे एवढाच. खाली पसरट परात, त्यात फोडलेला बर्फ आणि थोडं पाणी, कारण नुसते बर्फाचे खडे ट्रेला चार ठिकाणीच टेकतात, पाणी असलं तर पूर्ण बूड गार राहते. ट्रे स्टीलची, प्लास्टिकमधून थंडी वर येत नाही. बाकी सगळा माल आतल्या खोलीत थर्माकोलच्या डब्यात बाटल्यांमध्ये दाबलेला.

आणि जुन्या ट्रेवर नवा माल ओतायचा नाही. रिकामी ट्रे आत, भरलेली बाहेर. ओतत गेलं तर तळातला घास तिथं दीड तास बसलेला असते आणि तो कोणाच्या तरी वाट्याला जातेच.

सातच्या सुमाराला लाइन गेली, कूलर बंद, भाषण चालूच. फ्रिजचं दार उघडायचं नाही असं मी आधीच सांगून ठेवलं होतं, माल डब्यात असल्यानं उघडायची गरजही पडली नाही. पोरीनं घेऊन दिलेला सुई टोचायचा डिजिटल थर्मामीटर होता, तो मी मधेमधे लावत होते, डब्यातला चक्का ४-५ वर, ट्रेमधल्या वरच्या फोडी मात्र वीस मिनिटांत दहाच्या पुढं. बर्फ खालून गार ठेवते, वरून हवा तापवते, म्हणून ट्रेत फोडींचा एकच थर, ढीग नाही.

आता कॉफी

कोल्ड कॉफीसाठी पोरीचा विचार असा की ग्राइंडर आधीच घेऊ, पार्टीची कॉफी त्यातच दळू, म्हणून मोठं इलेक्ट्रिक घेऊ. इथंच मी तिला अडवलं. एका संध्याकाळच्या साठ माणसांसाठी रोजचं ग्राइंडर ठरवायचं नसते, रोज किती आणि कशात करता त्यावरून ठरवायचं. गुरुजी रोज दोन कप पितात, पितळेच्या दाक्षिणात्य फिल्टरमध्ये, म्हणजे २० ग्रॅम. पार्टीला ५०० ग्रॅम. या दोन आकड्यांत एक मशीन शोधायला गेलं की महागडं, जड आणि गुरुजींच्या उपयोगाचं नाही असं काहीतरी घरात येते.

पार्टीचा भाग मिक्सरनंच निघाला. मिक्सरचं पातं बिया कापत नाही, हाणते, म्हणून एकाच भांड्यात मोठे खडेही राहतात आणि पिठासारखी भुकटीही होते. खड्यातून चव अर्धवट उतरते, कॉफी आंबट-पाणचट, आणि भुकटीतून जास्त उतरते, कडू. वर चालूच ठेवला तर पूड तापते आणि वास तिथंच उडून जाते. पण कोल्ड कॉफीच्या अर्काला, ज्याले कोल्ड ब्रू म्हणतात, जाडसर दळण लागते, थंड पाण्यात बारा-सोळा तास मुरते, तिथं ही गडबड पुष्कळ खपून जाते. भांडं गरम पाण्यानं धुऊन, वास जाईस्तोवर वाळवून, थोड्या थोड्या बिया टाकून झटके झटके देत फिरवल्या, मधे हलवल्या, मग चाळणीनं भुकटी काढून टाकली. ६०० ग्रॅम बिया घेतल्या तेव्हा ५०० च्या आसपास जाडसर हाती आली. भुकटी फेकली नाही, काकूंनी ती दुधात उकळून संपवली.

५०० ग्रॅमला साडेतीन लिटर पाणी, दळण सुती फडक्यात चक्क्यासारखं सैल बांधून स्टीलच्या डब्यात, आदल्या संध्याकाळी फ्रिजमध्ये. कॉफी स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन टाकते, त्यामुळे अडीच लिटरच अर्क मिळते हे धरूनच चालायचं. ग्लासाला ६० मिली अर्क, ९० मिली उकळून थंड केलेलं दूध, म्हणजे चाळीस ग्लास. साठ माणसांत चाळीस पुरते, म्हातारे पन्ह्यालाच हात लावतात. साखर थंड दुधात विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून सम प्रमाणात पाणी घालून पातळ पाक करून ठेवला.

ग्राइंडर कोणतं घेतलं आणि काहून

बजेट सहा हजार. पातेवालं इलेक्ट्रिक बाद, ते म्हणजे छोटा मिक्सरच आहे आणि मिक्सर घरात आहे. राहिलं बर्रवालं, म्हणजे दोन दातेरी चाकं, मधल्या फटीतून बी चिरडून खाली पडते, फट जेवढी तेवढा दाणा. त्यात इलेक्ट्रिक की हातानं फिरवायचं? चांगल्या इलेक्ट्रिकमध्ये, बराट्झा एन्कोर घ्या समजा, ४० मिमीचं शंकूसारखं बर्र आणि दळण जाड-बारीक करायच्या ४० सेटिंग असतात, पण ते या बजेटच्या लय वर जाते, आणि सकाळी सहाला लाइन नसली तर गुरुजींची कॉफी नाही. हातानं फिरवायचं २० ग्रॅमसाठी मिनिट-दोन मिनिटांचं काम. गुरुजींचे हात शेतीचे आहेत, खांदा दुखत नाही, आधी विचारून घेतलं. ज्यांना संधिवात आहे त्यांना मी हातवालं सांगणार नाही, बिया कमी भाजलेल्या असल्या तर दगडासारख्या लागतात.

हातवाल्यातही हजार-दीड हजारवाले सिरॅमिक बर्रचे असतात. सिरॅमिक गंजत नाही, तापत नाही, पण ठिसूळ, आणि आपल्या ओळखीतून येणाऱ्या बियांमध्ये एखादा खडा निघतोच, दात गेला की गेला. त्याहून मोठी गोष्ट दांड्याची. दांडा वर-खाली दोन बेअरिंगमध्ये धरलेला नसला की खालचं बर्र डुलते, एका बाजूनं फट जास्त, दुसऱ्या बाजूनं कमी, मग बर्र असूनही दळण मिक्सरसारखं. दुकानात असलं तर बर्र बोटानं धरून हलवून पाहा. आम्ही स्टीलचं ३८ मिमी बर्र, दोन बेअरिंग, २०-२५ ग्रॅम मावणारं घेतलं, टाइममोर सी२ च्या जातीचं, चार-पाच हजारांत बसलं.

सेटिंग क्लिकनं बदलते, एका क्लिकनं फट अगदी थोडीच बदलते, त्यामुळे पहिला आठवडा एकेक क्लिक पुढं-मागं करून पाहावं लागते. फिल्टरसाठी बारीक रव्यापेक्षा थोडं बारीक, पण पीठ नाही, पीठ झालं की भोकं बुजतात आणि अर्धा तास थेंब पडत नाही. दळायचं कॉफी करायच्या वेळीच, कारण अख्ख्या बिया बंद डब्यात तीन-चार आठवडे टिकतात, दळलेली दुसऱ्या दिवशीच वास सोडते. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) आवडत असली तर दळलेलीच आणून वरून मिसळा, ती ओल धरते आणि बर्रला चिकटते.

एक आपल्या हवेचं. उन्हाळ्यात दळण भांड्याच्या भिंतीला चिकटते, झटकलं तरी उडते, गुरुजींना वाटलं मशीन खराब आहे. ती कोरड्या हवेतली वीज आहे. चमच्याच्या दांड्याला पाण्याचा एक थेंब लावून तो बियांमध्ये फिरवा आणि मग दळा, चिकटणं पुष्कळ कमी होते. पावसाळ्यात याची गरज पडत नाही.

शिल्लक काय राहिलं? वड्या आणि मटकी संपली. काकडीचे घास थोडे उरले होते ते बर्फावर असूनही तास होत आला म्हणून टाकले, टरबूज बकऱ्यांना. कॉफीचा अर्क उरला तो बाटलीत भरून फ्रिजमध्ये, आठवडाभर चालते, दूध घातलेलं मात्र त्याच रात्री संपवायचं. बर्फाला खर्च अंदाजापेक्षा जास्त आला, पुढच्या वेळी मी परातीवरही ओलं जाड कापड गुंडाळणार आहे. साठातल्या दोघांनी विचारलं गरम काहून नाही, बाकीच्यांनी दुसऱ्यांदा हात पुढं केला.

ग्राइंडर पाहून काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "याच्यात मिरे कुटता येतात का?" नाही काकू, एकदा मिऱ्याचं तेल त्यात गेलं की महिनाभर गुरुजी मिऱ्याचीच कॉफी पितील. "मंग बरंच आहे," काकू म्हणाल्या, "खोकला तरी जाईन त्यायचा."